त्याला एकटेच आवडते?

गेल्या ईदच्या दुपारी घर पाहुण्यांनी भरले होते. शिरखुर्म्याच्या वाट्या फिरत होत्या, मुले ईदी मोजत होती. आमचा अकरा वर्षांचा भाचा मात्र गॅलरीत उभा होता. चांद्रवर्ष साधारण 354 दिवसांचे असते, म्हणून ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येते, हे त्याने मघाशी सर्वांना समजावून सांगितले होते. मोठ्यांनी ‘माशाअल्लाह’ म्हटले. मामेभावंडे ‘आले प्रोफेसर!’ म्हणून हसली आणि बॅट घेऊन खाली पळाली. गळाभेटीला कोणी जवळ गेले की त्याचे अंग ताठ होई. आम्हीही सहज बोलून गेलो, “राहू द्या, त्याला एकटेच आवडते.”

रात्री त्याच्या अम्मीला एक वही सापडली. इतर मुले खेळताना काय बोलतात, कशावर हसतात, ते त्यात तारखेनिशी लिहिलेले होते. शेवटी एक ओळ होती : ‘उद्या यातले दुसरे वाक्य बोलून बघायचे.’ ज्याला एकटेच आवडते, तो अशी वही कशाला लिहील?

भाच्याला ऑटिझम आहे. मराठीत आपण त्याला ‘स्वमग्नता’ म्हणतो आणि या शब्दानेच फसतो. मूल स्वतःतच मग्न आहे, त्याला कोणी नको, असे धरून चालतो. हुशार मूल असेल तर ‘त्याला काय कमी आहे?’ म्हणून आणखी दुर्लक्ष करतो.

अमेरिकेतील पशुविज्ञानाच्या प्राध्यापिका टेम्पल ग्रँडिन (जन्म 1947) यांनी ही तगमग स्वतः लिहून ठेवली आहे. साडेतीन वर्षांच्या होईपर्यंत त्या बोलत नव्हत्या. कोणी जवळ घ्यावे असे त्यांना वाटे, पण मिठीचा स्पर्श अंगावर लोंढ्यासारखा येई. चिडवणाऱ्या मुलीला पुस्तक फेकून मारल्यामुळे त्यांना शाळेतून काढले गेले. पुढे मावशीकडे त्यांनी गुरांना लस टोचताना दोन्ही बाजूंनी दाबून धरणारा सापळा पाहिला. काही गुरे त्यात शांत होत. तसेच यंत्र त्यांनी स्वतःसाठी बनवले. दाब किती आणि केव्हा थांबवायचा, हे त्यांच्याच हाती होते. इतरांना ते विचित्र वाटले. विज्ञानाच्या शिक्षकांनी मात्र थट्टा केली नाही. ‘याने शांत का वाटते, ते शोधून काढ,’ असे सांगून त्यांनी तिला अभ्यासाला लावले. शाळेत तिचे सूर जुळले तेही घोडेस्वारी आणि रॉकेटच्या प्रतिकृती यांची आवड असणाऱ्या मुलांशीच.

म्हणजे अशा मुलाला आपल्या घोळक्यात ओढण्याआधी आपणच त्याच्या आवडीपाशी जाऊन बसावे. घरी कोण येणार, किती वेळ थांबणार, हे त्याला आधी सांगावे. स्पर्शाआधी विचारावे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझमचा समावेश आहे. वर्गात पहिल्या येणाऱ्या मुलासाठीही आधार मागायला संकोच नको.

यंदा चाँदरातीला गच्चीवर चंद्र नेमका कुठे शोधायचा, हे भावंडांना दाखवण्याचे काम आम्ही त्याच्याकडे दिले. कोर पहिल्यांदा त्यालाच दिसली आणि सगळी मुले त्याच्या बोटाच्या रोखाने पाहू लागली. क्रिकेट अजून जमलेले नाही. वही बंद झाली की नाही, हेही आम्ही विचारले नाही.

ईदच्या दिवशी मात्र आधी विचारले, “गळाभेट की नुसता सलाम?”

थोडा विचार करून तो म्हणाला, “घट्ट. पण तीनपर्यंतच मोजायचे.”

आम्ही तीनपर्यंत मोजले.