शनिवारवाड्यातली हाक

मंडळी, सुगी आटोपली की आपण कुठेतरी निघतोच. या खेपेला आम्ही दोघे पुण्याला भाच्याकडे गेलो आणि एक दुपार शनिवारवाड्यासाठी काढली. निघताना शेजारच्या काकूंनी बजावले होते, "दिवस मावळायच्या आत बाहेर या बरं!" कुठे हिंगोली, कुठे पुणे, पण त्या वाड्यातल्या भुताची कीर्ती आमच्या गल्लीपर्यंत पोचलेली!

तुम्हीही ती ऐकली असेल. अमावास्येच्या रात्री, कोणी म्हणतात पौर्णिमेच्या, वाड्यातून "काका, मला वाचवा" अशी किंकाळी येते.

दिल्ली दरवाज्यातून आत शिरलो, तर आत वाडा नाहीच! १८२८ सालच्या आगीत लाकडी इमारती जळून गेल्या. उरली ती दगडी जोती, कारंज्यांची कोरडी कुंडे आणि हिरवळ. आता ती एक बागच झाली आहे. पोरे धावत होती, सावलीला म्हातारी माणसे टेकली होती. भुताला लपायला आडोसा म्हणून नाही.

घडले ते मात्र खरे आहे. ३० ऑगस्ट १७७३, ऐन गणेशोत्सवाचे दिवस, भर दुपारची वेळ. थकलेल्या पगाराचे निमित्त करून गारदी आत घुसले. नारायणराव पेशवे अवघे अठरा वर्षांचे. ते धावत चुलत्याच्या, राघोबादादांच्या दालनात गेले आणि त्यांना बिलगले. गारद्यांनी तिथेच त्यांना तोडले. आनंदीबाईंनी पत्रात 'ध' चा 'मा' केला, ही सांगोवांगी. रामशास्त्र्यांनी राघोबांना दोषी धरले, हा इतिहास. ज्या दरवाज्याने देह बाहेर नेला, त्याला आजही नारायण दरवाजा म्हणतात.

त्या अर्ध्या तासात अकरा माणसे मेली. धन्याला वाचवायला अंगावर पडलेला सेवक चापाजी टिळेकर गेला. दोन दासी गेल्या. गारद्यांनी गायसुद्धा सोडली नाही. जोत्यावर बसून मी हे घरच्यांना सांगत होतो. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "अन् त्या दोघी बायांची हाक कुणालाच कशी ऐकू येत नाही हो?"

मला उत्तर सुचले नाही. सुचले ते आपले हिंगोली.

निजामाच्या फौजेची छावणी हिंगोलीत होती, हे तुम्हाला ठाऊक आहे. त्या छावणीच्या बाजारात हरिसिंग नावाचा मोठा अब्रूदार व्यापारी होता. साहेबलोकही त्याच्याकडून माल घेत. हा गृहस्थ निघाला ठगांचा म्होरक्या! एकदा त्याने मुंबईहून कापड आणायचा परवाना काढला, वाटेत त्या कापडाच्या खऱ्या मालकाला नोकरचाकरांसकट आणि गुरे हाकणाऱ्यांसकट मारले, आणि तेच कापड छावणीत उजळ माथ्याने विकले. निजामाच्या फौजेतला अंमलदार मेडोज टेलर याने १८३९ सालच्या आपल्या ठगांवरच्या पुस्तकात हे लिहिले आहे. माफीचे साक्षीदार झालेले ठग बोट दाखवीत गेले आणि नदीला मिळणाऱ्या एका कोरड्या ओघळीत खड्ड्यामागून खड्डा उघडत गेला. एकेका खड्ड्यात कितीतरी मुडदे. टेलर तिथे हजर होता. शेवटी बघणाऱ्यांनाच मळमळून आले आणि खोदणे थांबवावे लागले.

त्या वाटसरूंची नावे टेलरने दिलेली नाहीत. बैल हाकीत निघालेली, घरी बाजाराची वाट बघणारी पोरे असलेली, तुमच्याआमच्यासारखीच माणसे ती. मी लहानपणापासून हिंगोलीत मुंजा ऐकला, हडळ ऐकली, चकव्याने रात्रभर फिरवलेले लोक पाहिले. पण त्या ओघळीतल्या माणसांची हाक ऐकल्याचे मला कधी कोणी सांगितले नाही. भूत व्हायलासुद्धा पेशवाई लागते की काय कोण जाणे!

सहा वाजायला आले तसे आम्ही उठलो. घरच्यांनी जाता जाता जोत्यावर दोन फुले ठेवली. नारायणरावांसाठी का, असे मी विचारले. "त्यांना आहेत की सगळे," म्हणाल्या.

तुमच्या गावातही एखादी चिंच, एखादी बारव असेलच, जिथे तिन्हीसांजेनंतर जाऊ नये म्हणतात. तिथे कोण गेले, कसे गेले, हे जुन्या माणसांना विचारून ठेवा. नाव आठवत असेल तर तेही लिहा, आणि मला पत्राने कळवा.