आठ वाजून पंचवीस मिनिटं: साकीनाक्याच्या एका गाळामालकाला खुलं पत्र

माननीय गाळामालक साहेब आणि त्यांच्या विमा कंपनीचे दावा अधिकारी यांस,



आपण मला ओळखत नाही. साकीनाक्याला आपल्या गाळ्यात पॉवर प्रेसवर जो मुलगा होता, त्याचा मी मामा. १३ ऑगस्ट २०२४ ला रात्री आठ वाजून पंचवीस मिनिटांनी त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं डायखाली गेली. राजावाडी रुग्णालयात नेलं, रात्रीच ऑपरेशन झालं, पण बोटं गेली ती गेलीच. तेव्हा तो तीस वर्षांचा होता.

भरपाई नाकारणारं आपलं पत्र एका पानाचं आहे. पाळी आठला संपली होती, म्हणून तो कामावर नव्हता. तो ठेकेदाराचा माणूस, म्हणून आपला नव्हता. आणि बोटं गेली ती त्याच्या हलगर्जीपणामुळे. साहेब, कामावर नव्हता आणि आपलाही नव्हता, तर हलगर्जीपणा करायला तो आपल्या प्रेसवर आला कुठून?

मी बेस्टमध्ये एकतीस वर्षं कंडक्टर होतो. ‘ड्यूटी सुटली’ म्हणजे नेमकं काय, यावर आमच्या खात्याचाच एक खटला आहे. २० जुलै १९५७. जोगेश्वरी डेपोत गाडी लावून एक ड्रायव्हर संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास मोकळा झाला आणि सांताक्रूझला घरी जायला बेस्टच्याच दुसऱ्या बसमध्ये चढला. घोडबंदर रोडवर, म्हणजे आताच्या एस. व्ही. रोडवर, अंधेरीत इर्ला पुलाजवळ ती बस एका वाकड्या उभ्या केलेल्या लॉरीवर आदळली. तो बाहेर फेकला गेला आणि सहा दिवसांनी वारला. बायकोने भरपाई मागितली. बेस्ट म्हणाली, त्याची ड्यूटी संपली होती. भरपाई आयुक्तांनी बाईंचा अर्ज फेटाळला, हायकोर्टाने मान्य केला, तर बेस्ट सुप्रीम कोर्टात गेली. १९६३ साली न्या. सुब्बाराव यांनी बहुमताचा निकाल दिला: गणवेशातल्या ड्रायव्हरला बसने फुकट ये-जा करू देणं हे बससेवेच्याच सोयीचं, तेव्हा तो घरी जात होता तोही नोकरीच्या ओघातच. ‘बेस्ट विरुद्ध अ‍ॅग्नेस’ या नावाने वकील मंडळी तो आजही दाखवतात. आमच्या खात्याने एका विधवेशी भांडावं यात मिरवण्यासारखं काही नाही. पण खातं हरलं, म्हणून सांगतो. त्या पुलावरून मी किती वेळा डबल घंटी मारत गेलो असेन!

तो ड्रायव्हर निदान डेपोतून बाहेर पडला होता. माझा भाचा आपल्या दाराबाहेरही पडला नव्हता. गणपतीआधीची ऑर्डर होती, “उरलेले नग काढूनच जा” असं सुपरवायझरने सांगितलं होतं आणि प्रेस चालू होता. आठनंतर तो कामावर नव्हता, तर ते नग कोणाचे होते?

ठेकेदाराच्या मुद्द्याचं उत्तर सोपं आहे. आपल्या धंद्याचं काम ठेकेदारामार्फत करून घेतलं, तरी १९२३ च्या भरपाई कायद्याच्या कलम १२ प्रमाणे कामगार थेट आपल्याकडे पैसे मागू शकतो. ठेकेदाराकडून वसूल करायचे ते आपण करा.

हलगर्जीपणाचं मात्र थोडं सविस्तर लिहितो. नुसती चूक झाली म्हणून हा कायदा भरपाई बुडवू देत नाही. माणूस नशेत होता, सुरक्षेचा स्पष्ट नियम त्याने मुद्दाम मोडला, किंवा यंत्राचा संरक्षक गार्ड जाणूनबुजून काढला, हे मालकाला सिद्ध करावं लागतं. अपघातानंतर त्याचा डबा आणायला मी गाळ्यात आलो, तेव्हा प्रेसचा गार्ड भिंतीला टांगलेला होता. त्याला कोणाची तरी छत्री अडकवलेली होती. गार्ड लावला की तासाला नग कमी निघतात, हे त्या गल्लीत शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

आता हिशोब. पगार साडेसोळा हजार, पण कायदा पंधरा हजारच धरतो. त्याचे साठ टक्के नऊ हजार. तिसाव्या वर्षाचा गुणक २०७.९८. गुणाकार १८,७१,८२०. एका हाताची तीन बोटं म्हणजे परिशिष्टात तीस टक्के. रक्कम ५,६१,५४६ रुपये. औषधपाण्याची बिलं वेगळी.

आणि आपण देऊ केले पन्नास हजार, तेही “यापुढे काही मागणार नाही” अशा स्टॅम्पपेपरवर सही करून. सही करायची बोटं आपल्याच प्रेसखाली गेली, एवढंही कोणाच्या लक्षात आलं नाही. हक्क सोडून देणारा असा करार कलम १७ प्रमाणे मुळातच रद्द असतो. तडजोड करायचीच तर ती आयुक्तांकडे नोंदवावी लागते.

“गावाला जा, आराम कर, मग बसून बोलू,” असं आपण त्याला तीनदा सांगितलंत. दावा करायला दोन वर्षांची मुदत असते. चिपळूणच्या पुढे गेलेला माणूस साकीनाक्याला परत येऊन कोर्टाच्या पायऱ्या चढणार नाही, असं आपण धरून चाललात. तसं धरणारे आपण पहिले नाहीत. २२ एप्रिल २००३ ला धाराशिव जिल्ह्यात साखर कारखान्याचा एक रखवालदार पहाटेच्या ड्यूटीला जाताना मोटरसायकल अपघातात गेला. घरच्यांना मंजूर झालेली ३,२६,१४० रुपयांची भरपाई हायकोर्टात रद्द झाली. सुप्रीम कोर्टाने ती पुन्हा मान्य केली जुलै २०२५ मध्ये. बावीस वर्षं गेली, पण घरच्यांनी दावा सोडला नाही.

आपले कारकून परवा म्हणाले, “आता कायदा बदलला.” बदलला खरा, २१ नोव्हेंबर २०२५ ला नवी सामाजिक सुरक्षा संहिता आली. पण अपघात त्याआधीचा आहे, त्याला जुनाच कायदा लागणार. अपघातानंतर महिन्याभरात पैसे न दिल्याबद्दल बारा टक्के व्याज त्यात आहे, आणि कारण नसताना अडवलं तर निम्म्यापर्यंत दंडही. मालकसाहेब, हा दंड विमा कंपनी भरत नसते, तो आपल्या खिशातून जातो. दावा अधिकाऱ्यांनी हे आपल्याला सांगितलं नसेल, म्हणून मी सांगतो.

गेल्या आठवड्यात अर्ज दाखल झाला. वकीलपत्रावर भाच्याने डाव्या हाताने सही केली.

शेवटचं आपल्यासाठी नाही. त्या रात्री गाळ्यात आणखी तिघे होते. बाबांनो, तुमची नोकरी तिथेच आहे, मला कळतं. तरी तारखेला या, आणि घड्याळात किती वाजले होते आणि प्रेस कोणी चालू ठेवायला सांगितला, एवढंच सांगा.

आपला,
मुलाचा मामा
निवृत्त कंडक्टर, अंधेरी पूर्व