मीटर मेला, मीटर बदला

बारामतीहून इंदापूरला निघालो. दोन्हीकडे ऊस, पुढे उसाचाच ट्रॅक्टर, आणि आमच्या गाडीचे सगळे काटे एकदम शून्यावर! गाडी मात्र चालूच. गॅरेजवाल्याने बॉनेट न उघडताच निदान केले, "साहेब, मीटर गेला. अख्खा बदलू."

आता मी पडलो बँकेतला कारकून. रुपयाचा फरक आला म्हणून आम्ही कधी संगणक बदलत नाही. रात्र झाली तरी फरकच शोधतो. अहो, काटे मरायचे तर एकेक करून मरतील. सगळे एकदम गेले तर आधी निरोप्याची चौकशी करा! बॉशने १९८६ साली जाहीर केलेल्या 'कॅन' पद्धतीत हे निरोप दोन पिळलेल्या तारांवरून जातात. दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रोध. बॅटरी सोडवून मोजले की ६० यावेत. १२० आले तर एक टोक तुटले. झाला ताळेबंद! साधा मल्टिमीटर पुरतो.

"मोजा की जरा," मी म्हणालो.

"मोजायचे पैसे कोण देतं, साहेब?"

हे मात्र खरे. आपण सुटा भाग विकत घेतो आणि अक्कल फुकट मागतो.

शेवटी मोजले. १२०! मीटरमागची तार उंदराने कुरतडलेली. बिलात 'मोजणी रु. ५००' असे आले. मी घासाघीस केली नाही. हिने केली.