सायफरपंकांचे कुलूप घ्या, त्यांचे राजकारण नको

"ज्याने काही गुन्हा केला नाही त्याने लपवायचे कशाला?" हा प्रश्न आता आपल्या बैठकांमध्येही ऐकू येतो. सरकारने मोबाईलमधले संदेश वाचले तर वाचू द्या, आपण काय चोर आहोत का, असे म्हणणारे तरुण कार्यकर्ते भेटतात. आमचे त्यांना साधे उत्तर आहे. भाड्याची खोली बघायला गेलेल्या आपल्या पोराला घरमालक आधी आडनाव विचारतो. त्या पोराने कोणता गुन्हा केलेला असतो? तरीही आडनाव कळले की खोली "आत्ताच गेली" असते. एखादी माहिती निरुपद्रवी आहे की घातक, हे ती कोणाच्या हातात पडते यावर ठरते. जातीच्या समाजात हे आपल्याला पुस्तकातून शिकावे लागत नाही.

म्हणूनच सायफरपंक चळवळ आंबेडकरी तरुणांनी समजून घेतली पाहिजे. समजून घ्यावी, डोक्यावर मात्र घेऊ नये.

१९९२ मध्ये कॅलिफोर्नियात एरिक ह्यूज, टिमोथी मे आणि जॉन गिलमोर यांनी हा गट सुरू केला. 'सायफरपंक' हे नाव ज्यूड मिल्हॉन या हॅकर स्त्रीने दिले. एन्क्रिप्शन म्हणजे संदेशाला घातलेले गणिताचे कुलूप. अमेरिकन सरकार तेव्हा मजबूत एन्क्रिप्शनला शस्त्रास्त्रांच्या यादीत धरत होते आणि परवान्याशिवाय ते देशाबाहेर नेणे गुन्हा होता. अण्वस्त्रविरोधी चळवळीत काम केलेल्या फिल झिमरमन यांनी १९९१ मध्ये 'पीजीपी' हा प्रोग्रॅम लोकांना फुकट दिला, तेव्हा त्यांच्यामागे चौकशी लागली. ती १९९६ मध्ये आरोपपत्राविना बंद झाली. दरम्यान पीजीपीचा सगळा कोड पुस्तक म्हणून छापला गेला, कारण छापील पुस्तकाची निर्यात अडवणे सरकारला सोपे नव्हते.

१९९३ मध्ये सरकारने 'क्लिपर चिप' आणली. फोनवरचे बोलणे सुरक्षित राहील, पण किल्लीची प्रत सरकारकडे असेल, अशी ती योजना. १९९४ मध्ये मॅट ब्लेझ या संशोधकाने तिच्यातला दोष उघड केला आणि पुढे ती योजनाच बारगळली. आज व्हॉट्सअ‍ॅपवर आणि सिग्नलवर आपले संदेश कुलूपबंद जातात, त्यामागे या लढ्याचा वाटा आहे. तो मान्य न करणे कृतघ्नपणा होईल.

पण या गटातल्या अनेकांचे राजकारण काय होते? टिमोथी मे हे इंटेल कंपनीतून तरुणपणीच निवृत्त झालेले इंजिनिअर. १९८८ च्या त्यांच्या जाहीरनाम्यात स्वप्न होते ते असे की एन्क्रिप्शनमुळे सरकारला कर गोळा करणे आणि आर्थिक व्यवहारांवर नियंत्रण ठेवणेच अशक्य होईल. पोट भरलेल्या माणसाला असे स्वातंत्र्य परवडते. कर नाही म्हणजे सरकारी शाळा नाही, शिष्यवृत्ती नाही, वसतिगृह नाही. राज्यसंस्था दुबळी झाली की गावात पाटलाचे राज्य येते, आणि त्या राज्यात आपण हजारो वर्षे राहून आलो आहोत.

मग एका बाजूला "सरकारला सगळे बघू द्या" म्हणणारे आणि दुसऱ्या बाजूला "सरकारच नको" म्हणणारे, यात आपण कुठे उभे राहायचे? याचे उत्तर बाबासाहेबांनी १९४७ मध्येच लिहून ठेवले आहे. 'राज्ये आणि अल्पसंख्याक' हे निवेदन उघडून बघा. त्यात मूलभूत उद्योग आणि शेती राज्याच्या मालकीची असावी, अशी मागणी आहे. त्याच निवेदनात नागरिकाचे शरीर, घर, कागदपत्रे आणि चीजवस्तू यांची अवाजवी झडती घेता येऊ नये, सबळ कारणाशिवाय वॉरंट निघू नये, असे कलमही आहे. बाबासाहेबांना जमीन वाटणारे बलवान राज्य हवे होते, आणि त्याच राज्याचा हात नागरिकाच्या कागदांपासून दूर ठेवायचा होता. त्यांना यात विसंगती दिसली नाही, आपल्यालाही दिसू नये.

ते संरक्षण अंतिम संविधानात आले नाही. १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने झडतीच्या प्रकरणात त्याच उणिवेवर बोट ठेवले. अखेर २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायाधीशांनी एकमताने खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सांगितले.

सायफरपंकांचा दुसरा भ्रम म्हणजे कोड लिहिला की हक्क मिळाला. भीमा कोरेगाव प्रकरण आठवा. एका आरोपीच्या लॅपटॉपमध्ये मालवेअरद्वारे घुसून आक्षेपार्ह पत्रे पेरली गेली, असा निष्कर्ष अमेरिकेतील आर्सेनल कन्सल्टिंग या संस्थेने २०२१ मध्ये काढला. तपास यंत्रणेने तो मान्य केला नाही. पण एवढे तर उघड आहे की घुसखोर घरात शिरला की दाराचे कुलूप निरुपयोगी ठरते. तिथे गणित संपते आणि कायदा, न्यायालय, रस्त्यावरचे संघटन सुरू होते.

संघटनेच्या खाजगीपणाचे मोल अमेरिकेतल्या काळ्या लोकांनी इंटरनेटच्या कितीतरी आधी ओळखले होते. अलाबामा राज्याने एनएएसीपी या त्यांच्या संघटनेकडे सदस्यांची यादी मागितली. संघटनेने ती दिली नाही. यादी बाहेर गेली की नोकऱ्या जाणार आणि हल्ले होणार, हे तिला माहीत होते. १९५८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने संघटनेची बाजू उचलून धरली.

आता आपल्याकडे बघा. अत्याचारग्रस्त कुटुंबाचे नाव, फोन नंबर, एफआयआरचा फोटो शेकडो लोकांच्या ग्रुपवर फिरतो. अ‍ॅट्रॉसिटी कायद्याचे कलम १५अ साक्षीदाराचे नाव-पत्ता गुप्त ठेवण्याची तरतूद करते, आणि कार्यकर्तेच तो पत्ता आरोपीच्या नातेवाइकांपर्यंत पोहोचवतात. हे थांबले पाहिजे. पीडितांची कागदपत्रे आणि सभासद-देणगीदारांच्या याद्या मोजक्या जबाबदार माणसांकडेच राहिल्या पाहिजेत. संदेश आपोआप पुसले जातील अशी सोय वापरली पाहिजे.

आणि लढाई कायद्याचीही आहे. २०२१ च्या आयटी नियमांनी संदेश मुळात कोणी पाठवला हे शोधून देण्याची सक्ती मोठ्या मेसेजिंग अ‍ॅपवर आणली. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याने सरकारी यंत्रणांना सवलत देण्याची वाट ठेवली. धमक्या देणारे जातीयवादीही एन्क्रिप्शन वापरतात, हे खरे आहे. त्यांना पकडायला तक्रार नोंदवून घेणारा पोलीस लागतो. धमकीचा स्क्रीनशॉट हातात घेऊन फिर्यादी ठाण्याबाहेर बसलेला असताना सगळ्या देशाचे कुलूप कमकुवत करून काय साधणार?

आंबेडकरी वकिलांनी, विद्यार्थी संघटनांनी हा विषय "तांत्रिक" म्हणून बाजूला टाकू नये. १९४७ च्या निवेदनातले ते कलम हा आपला वारसा आहे आणि त्याची मागणी आपणच केली पाहिजे.

जय भीम!