विश्लेषण : जालना, कोल्हापूर आकाराने सारखेच; मग माणसे निम्मी का?

अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटी हे गाव मराठा आरक्षणाच्या उपोषणामुळे ऑगस्ट 2023 पासून राज्यभर चर्चेत आले. शेतीवर आता भागत नाही, हा तिथला मुख्य सूर. आकडे पाहिले तर प्रश्न पडतो. 2011 च्या जनगणनेनुसार जालना जिल्ह्यात दर चौरस किलोमीटरला 254 लोक राहतात. राज्याची सरासरी 365 आहे. मग जमीन अपुरी कशी?

मोबाइलवरचा कॅल्क्युलेटर उघडा. एक चौरस किलोमीटर म्हणजे 100 हेक्टर. त्याला 254 ने भागले की माणशी जेमतेम 39 गुंठे येतात. त्यात डोंगर, ओढे, रस्ते, गावठाण सगळे धरले आहे. उरलेली बहुतेक शेती पावसाच्या भरवशावर.

कोल्हापूरचे क्षेत्रफळ 7,685 चौरस किमी, जालन्याचे 7,718. तरी कोल्हापूरची घनता 504. सह्याद्रीवर पडणारा पाऊस आणि राधानगरीसारखी धरणे तिथे बारमाही शेती पोसतात. जालना पर्जन्यछायेत. जमिनीखाली काळा पाषाण, त्यामुळे त्याच्या भेगांत आणि वरच्या मुरमात मावेल तेवढेच विहिरीचे पाणी. 2012-13 च्या दुष्काळात इथल्या मोसंबीच्या बागा वाळल्या, त्या यामुळेच.

अपवाद दक्षिणेकडील गोदाकाठच्या पट्ट्याचा. जायकवाडीचा 208 किमी लांबीचा डावा कालवा अंबड, घनसावंगीकडे येतो आणि ऊस दिसू लागतो. पण हे धरण भरते ते नाशिक-नगरकडच्या पावसावर, जालन्याच्या नव्हे.

मोजणी नेमकी केव्हा?

2011 ची गणना 9 ते 28 फेब्रुवारीत झाली. तेव्हा ऊसतोडीचा हंगाम जोरात असतो आणि मराठवाड्यातील हजारो कुटुंबे, जालन्यातीलही, पश्चिम महाराष्ट्रातल्या फडांवर असतात. जो संपूर्ण गणनाकाळ गावाबाहेर असतो, त्याची नोंद गावात होत नाही. तो जिथे असेल तिथे होते. म्हणजे 254 आणि 504 मधले अंतर काही अंशी कोयत्यासोबत स्थलांतर करणाऱ्यांचेही आहे. किती, हे घनतेचा आकडा सांगत नाही.

आगामी जनगणनेची संदर्भ तारीख 1 मार्च 2027 आहे आणि माणसांची मोजणी पुन्हा फेब्रुवारीतच होणार आहे. यावेळी जातीचीही नोंद होईल. फडावरच्या कोपीत प्रगणक पोहोचला नाही, तर ते कुटुंब गावच्या यादीतही नसेल आणि कारखान्याच्या गावच्याही नाही.