मातीच्या भिंतीस सिमेंटचा गिलावा नको

मृग लागण्यापूर्वी घराची डागडुजी करण्याची रीत वर्धा जिल्ह्यात जुनी आहे. अलीकडे मात्र दरसालच्या लिंपणाचा त्रास चुकावा म्हणून मातीच्या भिंतीस सिमेंटचा गिलावा दिला जातो व घर पक्के झाले असे मानले जाते. हा समज हितावह नाही. माती ओल शोषते व सोडतेही. सिमेंट ती सहजी बाहेर पडू देत नाही. गिलाव्यास भेग पडली की पाणी आत मुरते आणि बाहेरून धड दिसणारी भिंत आतून खचत जाते.

तोच पैसा अन्य कामी लावावा. जोते दगडी व उंच असावे. कवेलूंची वळचण भिंतीपुढे दोन फूट यावी. पागोळ्यांचे पाणी चर काढून दूर न्यावे. पांढऱ्या मातीत गव्हाचा भुसा कालवून, काही दिवस मुरवून भेगा बुजवाव्यात. काळी माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसते. म्हणून ती भिंतीस वापरू नये आणि नव्या घराचा पाया तिच्याखालील मुरमापर्यंत न्यावा.

सेवाग्राम आश्रमातील १९३६ सालचे आदिनिवास माती, बांबू व कवेलूंचेच आहे. निगा राखल्यामुळे ते आजही उभे आहे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी रोहिणी नक्षत्रातच घरोघरच्या भिंती पाहाव्यात. फुगलेल्या वा ओळंब्याबाहेर गेलेल्या भिंतीजवळ कोणी निजू नये, एवढे तरी त्या कुटुंबास पटवून द्यावे.