स्वाध्याय कोणाचा?

संगणकाच्या तासास विद्यार्थ्यांना 'क्लास' व 'ऑब्जेक्ट' यांवरील जे सोपे स्वाध्याय दिले जातात, त्यांत बँकेच्या बचत खात्याचा स्वाध्याय सर्वांच्या परिचयाचा आहे. क्लास म्हणजे खाते कसे असावे याचा आराखडा. त्यावरून निर्माण झालेले प्रत्येक खाते हा एक ऑब्जेक्ट. डाल व निगार्ड या नॉर्वेच्या दोघा विद्वानांनी १९६७ साली 'सिम्युला ६७' या भाषेत ही कल्पना प्रथम मांडली.

यंदा हे स्वाध्याय तपासताना बहुतेकांची उत्तरे आम्हांस एकसारखी आढळली, चूकही तीच! खात्यात १०० रुपये असता ५०० काढू दिलेले, आणि शिल्लक उणे ४००. चुकीचे आम्हांस दुःख नाही, नकलेचे आहे. आता तर यंत्रच मागितल्याबरोबर सारे उत्तर लिहून देते. परंतु क्लास लिहिणे म्हणजे ओळी उतरविणे नव्हे. खात्याने काय जपावे, काय करावे आणि कशास नकार द्यावा, हे ठरविणे हाच खरा अभ्यास. पुरेशी शिल्लक नसल्यास रक्कम देऊ नये, ही अट एका ओळीची. पण विचार करणाऱ्यासच ती सुचते.

म्हणून विद्यार्थ्यांनी ही तीन उत्तरे प्रथम कागदावर मराठीत लिहावी व मगच यंत्रापुढे बसावे. पालकांनीही गुण किती मिळाले एवढेच न विचारता, "हे मला समजावून सांग," असे म्हणावे. मुलास ते सांगता आले, तर तो स्वाध्याय त्याचा खरा.